नसलेलं बेट

समोरचा प्रकाशक आपले सागरी नकाशे चोरून छापतो, असा नकाशेवाल्याला दाट संशय होता. म्हणून त्याने नव्या नकाशात भर समुद्रात एक खोटं बेट घुसडलं आणि त्याला बायकोचं नाव दिलं. महिन्याभरात समोरच्याच्या नकाशात तेच बेट, त्याच नावाने!

"सापडला लेकाचा! आता खेचतोच कोर्टात," म्हणत तो नाचतच घरात आला.

बायकोने दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"त्यांच्या बेटावर झाडं आहेत, गोड्या पाण्याचा झरा आहे. आणि तुमच्या? 'उघडा खडक, जहाजांनी लांबूनच जावे'!"

कोर्ट राहिलं बाजूला. नकाशेवाला मुकाट्याने नकाशा छापायच्या तांब्याच्या पत्र्यावर झरा कोरायला बसला.

"झाडं त्यांच्यापेक्षा चार जास्त काढा," मागून हसू दाबलेला आवाज आला.