मुन्नाचं कोर्ट

वसमतच्या देविदासरावांनी दोन हजार सातच्या उन्हाळ्यात हळद वाळवायचं अंगण सपाट केलं, त्यावर प्लास्टिकचं हिरवंगार गवत अंथरलं आणि आपल्या मुलासाठी, मुन्नासाठी, बॅडमिंटनचं कोर्ट केलं. मुन्नानं तीनदा रॅकेट धरली, तिन्ही वेळा कव्हरासकट, फोटोपुरती. बॅडमिंटनमध्ये जिल्ह्यात पहिली आलेली त्याची बहीण प्रियदर्शनी मात्र रोज सकाळी ते गवत झाडायची. लग्नाला आलेल्या पोरीनं अंगणात उड्या मारायच्या न्हाईत, असं वडिलांनी बजावलं होतं.

तिला बघायला आलेले पाहुणेही त्याच गवतावर बसवले, घराची शोभा दिसावी म्हणून.

"पोरगी बी खेळती का?" पोहे खाता खाता मुलाच्या मामानं विचारलं.

"न्हाई हो," देविदासराव हसले, "तिला कशाला ती तकलीफ?"

मामाचं समाधान झालं. मग त्यानं रीतीप्रमाणं फर्मावलं, "बाई, जरा चालून दाखव."

प्रियदर्शनी नेटपर्यंत चालत गेली. तिनं पदर खोचला, तिथं शोभेला ठेवलेल्या मुन्नाच्या रॅकेटचं कव्हर ओरबाडून काढलं आणि पहिलंच शटल नवऱ्यामुलाच्या पोह्यांच्या बशीत हाणलं.


"चालून दाखवलं, मामा. आता तुमच्या भाच्याला जरा पळून दाखवायला सांगा."