नेच्याचं पाणी

सासूबाईंचा नेचा मधोमध काळा पडला, तेव्हा रजेच्या दिवशी कुंडी कडेवर घेऊन मी नर्सरी गाठली. त्या गेल्यावर त्यांच्या हातचं, जिवंत असं तेवढंच घरात उरलं होतं.

नर्सरीवालीने मातीत बोट खुपसलं. "रोज पाणी घालता?"

"पहाटे, डबे करायच्या आधी, न चुकता. मी नाही घातलं तर कोण घालणार? सासऱ्यांचं डोकं पेपरात, लेकीचं मोबाइलमध्ये."

"अहो ताई, याला आठवड्यातून दोनदा पुरतं, तेही कडेकडेने. गाभ्यात साचलं की कुजतो हा. आणि एवढा चिखल एका माणसाच्या पाण्याने होत नाही."

"वाचेल ना?"

"आठ दिवस कोणी हात लावला नाही, तर वाचेलही."

घरी आले, कुंडी खिडकीशी टेकवली आणि तिथेच फतकल मारून बसले. "आठ दिवस याला कोणी पाणी घालायचं नाही," मी उगाच भिंतीला सांगितलं.

सासऱ्यांनी पेपर खाली केला. "मी दुपारी घालत होतो भांडंभर. म्हटलं, तू दमून येतेस, तेवढंच एक काम कमी."

"आजोबा, तुम्हीपण?" लेक आतून आली. "मी रोज संध्याकाळी घालते. आई, मला वाटलं, सकाळी माती ओली दिसली की तू तेवढाच वेळ अजून झोपशील."

इतक्या महिन्यांत पाणी घालण्याआधी मातीकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.