पिवळी रेघ, काळे ठिपके

"पुन्हा लाव," बाबा म्हणाले.

फिल्म नुकतीच संपली होती. चार मिनिटांची. तिच्यात ना माणूस, ना झाड, ना गोष्ट. एक पिवळी रेघ, काही काळे ठिपके आणि सोबतीला जाझ. मुलीने अकरा महिने खपून एकेक चौकट सुईने फिल्मवर कोरली होती, शाईने रंगवली होती. सेकंदाला चोवीस चौकटी. स्टुडिओचे साहेब शेजारच्या खुर्चीत बसून घड्याळ बघत होते.

"यात नेमकं घडतं काय?" त्यांनी विचारलं.

"रेघ म्हणजे सॅक्सोफोन. ठिपके म्हणजे ड्रम," मुलगी म्हणाली.

"बरं," साहेब म्हणाले. ते बरं फारसं बरं नव्हतं.

ड्रम बाबांनी वाजवला होता, सॅक्सोफोन काकांनी. काका सख्खे नव्हते, पण सख्ख्याहून जवळचे. हे रेकॉर्डिंग झालं त्याच दिवशी दोघांचं फाटलं. मध्यावर कुठेतरी ताल हलला होता. बाबा म्हणाले, तू घाई केलीस. काका म्हणाले, तू मागे पडलास. शब्दाने शब्द वाढला, बँड मोडला आणि अबोला तीस वर्षं टिकला. सहा वर्षांपूर्वी बाबांचे कान पार गेले, तरी "तो घाईच करायचा" हे वाक्य जेवताना ठरलेलं. रेकॉर्डिंग मात्र त्यांनी कान असतानाही कधी ऐकलं नव्हतं. "मला ठाऊक आहे, मग ऐकायचं कशाला?"

मुलीने ऐकलं होतं. एकेक आवाज चौकटींत मोजून पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. मध्यावर आल्यावर तिने दोनदा मोजलं, मग आठवडाभर त्या भागाला हात लावला नाही. चार ठिपके जरासे सरकवले असते तर कुणाला कळलंही नसतं. तिने ते होते तिथेच कोरले, आणि रेघ कुणाची, ठिपके कुणाचे, हे बाबांना आधीच लिहून दाखवलं.

फिल्म पुन्हा सुरू झाली. बाबांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांचा पाय जमिनीवर ठेका धरू लागला. पाय पडला की ठिपका उमटायचा. मध्यावर पिवळी रेघ सरळ पुढे निघाली. पाय वेळेवर पडला. ठिपका आलाच नाही. तो नंतर आला, आणि त्याच्यामागून आणखी तीन, लग्न लागून गेल्यावर पोचलेल्या पाहुण्यांसारखे.

"हे काळे मागे पडले की," साहेब म्हणाले. "मशीन बिघडलं का?"

"नाही," मुलगी म्हणाली.

दिवे लागले. बाबा कोऱ्या पडद्याकडे बघत बसले. मुलीने वही उघडली. त्यांना काही सांगायचं तर लिहूनच सांगावं लागे.

"काकाला फोन लाव," बाबा म्हणाले. "मी चुकलो म्हणून सांगतो. तो शिव्या देईल. त्या सगळ्या लिहून घे, एकही गाळू नकोस."