वासाची अट

ओसाकामधला तो जुना फ्लॅट शरयूला मनापासून आवडला होता. सह्यांसाठी सगळे तिथेच बसले आणि दलाल चाचरत म्हणाला, “सोसायटीची एक अट आहे. मसाल्यांचा वास सुटेल असा स्वयंपाक करायचा नाही.”

शरयूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “घर मी विकत घ्यायचं आणि काय शिजवायचं ते शेजाऱ्यांनी ठरवायचं? नको मला हे घर!” ती तरातरा दाराकडे निघाली.

“थांब, पोरी,” घर विकणारी म्हातारी उठली. “माझी आई कोरियन. तिची लसूणभरली किमची, म्हणजे आमचं कोबीचं आंबवलेलं लोणचं, मी या घरात जन्मभर खिडक्या लावून, चोरून खाल्ली.” मग ती दलालावर कडाडली, “सांग सोसायटीवाल्यांना, घर हिलाच देणार आणि तेही विनाअट!”

म्हातारी पुन्हा खाली बसली. शरयू दारातून मागे फिरली आणि तिचा हात धरून शेजारी बसली.