दोन खुणांमधलं अंतर

बाबांच्या मूत्रपिंडाची कड सोनोग्राफीच्या पडद्यावर इतकी पुसट दिसते, की मापाच्या दोन्ही टोकांच्या खुणा तीन-चार मिलिमीटर बाहेर ठेवल्या तरी कुणी हरकत घेत नाही. तीन वर्षं त्यांची सोनोग्राफी करताना मी खुणा हाताने तशाच बाहेर ठेवत आले, कारण बाबांनी डॉक्टरांना सांगितलं होतं, “माप आठ सेंटिमीटरच्या खाली गेलं, की डायलिसिसचं ठरवू.” आज नव्या यंत्राने कड स्वतःच आखली आणि आकडा दाखवला: सात पूर्णांक तीन. मी खूण सरकवायला गेले, तर बाबांनी माझं मनगट धरलं. “राहू दे गं. जन्मभर सुतारकाम केलंय मी. तुझ्या मापाने एकही दार चौकटीत बसलं नसतं.” “मग बोलला का नाहीत?” “तेवढाच तुला धीर होता.” मी त्यांच्या कुशीवरचं जेल पुसू लागले. ते छताकडे बघत म्हणाले, “डायलिसिस नको, बाळा. मला घरी ने.”