सरांचा हात

कॉलेजातली मुलं गाताना गुप्तेसरांच्या ताल देणाऱ्या हाताकडे ढुंकूनही बघायची नाहीत, त्यामुळे समूहगान दरवर्षी घसरायचं. गिरण्यांच्या संपानंतर सरांनी लालबागच्या बेकार विणकरांनाच गायला उभं केलं. मागांच्या खडखडाटात निम्म्यांचे कान गेलेले. गिरणीत सगळं बोलणं हातवाऱ्यांवरच चालायचं.

“सर, ऐकाक कमी येता, पण तुमचो हात दिसता,” त्यांच्यातला तुळशीदास परब म्हणाला.

दादरच्या स्पर्धेत कुणाची नजर सरांच्या हातावरून हलली नाही. निकालाला सगळे मंचावर उभे होते. पहिला नंबर आपलाच हे ऐकताच सरांनी आनंदाने दोन्ही हात वर केले.



गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, आणि “अरे, बास, बास!” करत सर जसजसे हात हलवत गेले, तसतशी लय चढतच गेली.