रुळाचा तुकडा
तेजरामच्या खुर्सीपारच्या घरी नवी विहीण, बेबीताई, पहिल्यांदाच आली. अहिवाऱ्याकडच्या आपल्या वावरातले टमाटर तिनं दोन ऑटो बदलून आणले, तर निम्मे पिशवीतच चेपले होते. रिटायर होताना रेल मिलमधल्या सोबत्यांनी दिलेला रुळाचा तुकडा तेजरामनं तिलाही दाखवायला शोकेसमधून काढला. “आमी बनवलेले रूळ देशभर गेले,” तो म्हणाला. बेबीताईनं तुकडा मांडीवर घेतला. “आमच्याही वावरातून गेले.” “मंग टमाटर गाडीनं कावून नाही आणले?” “गाडी फक्त खदानीत थांबते, तेजरामभाऊ, दगड भरायले. रूळ आले तवा आमच्या सासऱ्यायले वाटलं, आता माल थेट दुर्गच्या बाजारात जाईल. टोपल्या चढवायले त्यायनं रुळाजवळ मातीचा ओटा बांधला.” तेजरामनं तुकडा परत घेतला, पण शोकेसमध्ये ठेवला नाही. “आता तिथं काय आहे?” “ओटा आहे. आमी दर दिवाळीले सारवतो अजून.”